गालातली गोळी

तिला सगळे चिमटी म्हणत. केस कापताना तोंडात चार-चार चिमटे धरायचे आणि ते तसेच ठेवून गिऱ्हाइकाशी जगभरच्या गप्पा हाणायच्या, ही तिची खासियत. एक चिमटा खाली पडेल तर शपथ! दुकान दोघी बहिणींचं. कात्री चिमटीची, गल्ला आणि दरारा ताईचा.

दुखणं म्हणे हत्तीच्या पावलांनी येतं. हिचं मुंगीच्या पावलांनी आलं. आधी डावा हात वर धरला की भरून यायचा, मग त्या हाताची नाडीच लागेना. मोठ्या रक्तवाहिन्या आतून सुजण्याचा आजार निघाला. गोळ्या सोडायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं आणि ताईने ते मनावर घेतलं. रोज दुकान उघडलं की आधी चिमटीच्या तळहातावर गोळी, हातात पाण्याचा पेला, आणि गिळेपर्यंत ताई समोर उभी. आईमागे हिला वाढवलं तिनेच. गोळीचं काय मोठंसं!

गोळ्यांनी हात हलका झाला, पण चेहरा फुगला. दुसऱ्या कुणाला एक वेळ चाललं असतं. हिच्यासमोर दिवसभर आरसा. "काय गं, बाळसं धरलंस!" बायका म्हणत आणि चिमटी हसून घेई. मग एके सकाळी गोळी गालातच राहिली. ती पाणी प्यायली, ताईशी दोन वाक्यं बोलली, आणि मागे जाऊन बेसिनमध्ये थुंकली. चिमटे सांभाळणाऱ्या तोंडाला गोळी काय जड? काही महिन्यांत चेहऱ्याची फूग उतरली. "बघा, औषध कसं लागू पडलं!" ताई ज्याला त्याला सांगत सुटली. चिमटीला त्याची फार लाज वाटे. तरी दुसऱ्या दिवशी गोळी पुन्हा गालातच.

एके दुपारी एका शिक्षिकेचे केस कापताना छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं. दरदरून घाम फुटला. शिक्षिकेची उजवी बाजू कापून झालेली, डावी अजून खांद्यावर लोळत होती. असं अर्धवट डोकं सोडून उठायचं कसं? चिमटीने कात्री चालूच ठेवली. शेवटी शिक्षिकेनेच आरशात तिचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि ताईला हाक मारली.

इस्पितळात हातातून बारीक नळी घालून तपासणी झाली.

"हृदयाला रक्त नेणाऱ्या वाहिनीचं तोंडच आवळलंय," डॉक्टर म्हणाले. "या आजारात होतं असं. गोळ्या नियमित आहेत ना?"

"एक दिवस चुकला नाही," ताई ताठ मानेने म्हणाली. "मी माझ्या हाताने देते."

"मग ठीक. सूज पेटलेली असती तर आत जाळी बसवायला मी धजावलो नसतो. जाळी बसवली तरी वाहिनी पुन्हा बंद होते अशाने. रक्ताचा रिपोर्ट अजून यायचाय, पण गोळ्या चालू आहेत, तेव्हा आत्ताच बसवून टाकू."

त्यांनी सिस्टरला तयारी करायला सांगितलं. चिमटीने बोलावं तर ताईची मान सगळ्यांदेखत खाली. न बोलावं तर जीव जातो. तिला मरणाची भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर ताईची त्याहून जास्त. ढकलगाडी आली. सिस्टरने चादर बाजूला केली.

"थांबा," ती म्हणाली. "मी गोळ्या थुंकत होते. चार महिने."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "गाडी परत न्या. आधी सूज उतरवायची. इंजेक्शन सुरू करा, आणि हिच्यावरची नजर हलवू नका." मग चिमटीकडे वळून म्हणाले, "आजची रात्र अवघड आहे. पण बरं झालं बोललात."

ताई बाहेर निघून गेली.

यंत्र टिकटिकत राहिलं. छाती अधूनमधून आवळत होती आणि चिमटी दाराकडे बघत होती. आता काही ही परत यायची नाही, असं तिला वाटू लागलं. बऱ्याच वेळाने ताई आली. डोळे सुजलेले, पदर ओला. खाटेजवळचं स्टूल ओढून बसली.

"ताई, बोल ना गं. शिव्या तरी घाल."

"तू गेली असतीस ना," ताई म्हणाली, "तर मी जन्मभर सगळ्यांना सांगत फिरले असते, की औषध मी हिचं एक दिवससुद्धा चुकवलं नाही."