खैरुनच्या तारेला कल्हई

घाटंजीच्या आठवडी बाजारात रहेमान कल्हईवाल्याकडे भांडं दिलं, की आधी त्याची फजिती ऐकावी लागे आणि मग भांडं परत मिळे. भात्याच्या दांड्याला एक काळी, वेडीवाकडी तार बांधलेली असे. गिऱ्हाईक तिच्याबद्दल हटकून विचारी, आणि रहेमान त्याचीच वाट पाहत असे. त्या दिवशी मथुराबाईनं विचारलं.

"हे माह्या अकलेचं सर्टिफिकेट हाये, बाई," तो म्हणाला आणि सुरू झाला.

गोष्ट एकसष्ट सालची. त्याची मुलगी खैरुन तेव्हा तेरा वर्षांची होती. तिचा वरचा एक दात ओठाबाहेर डोकावे. लहानपणी एकदा ती चार बायकांत खळखळून हसली, तेव्हा रहेमाननंच तिला दटावलं होतं, "तोंडावर हात ठेव ना!" तेव्हापासून पोरगी हाताआडून हसू लागली. पुढं त्यालाच ते बघवेना. तिनं मोकळं हसावं एवढ्यासाठी तो तिला यवतमाळला घेऊन गेला. तिथं महिन्यातून एकदा नागपूरचा दातांचा डॉक्टर येई. त्यानं दाढांना अडकवायची, काढता-घालता येणारी स्टीलची तार बेतून दिली. ती दाताला हळूहळू मागं रेटणार होती.

परतीच्या मोटारीत रहेमाननं तार निरखली. डॉक्टर शिकलेला खरा, पण धातूतलं त्याला काय कळतं? घरी रोज अंबाडीची भाजी नाहीतर ताक. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट कळकतं हे तीस वर्षं तो गावाला ओरडून सांगत आला, आणि त्याच्याच पोरीच्या तोंडात उघडी तार?

घरी येताच त्यानं भट्टी पेटवली. तार तापवली, नवसागर टाकला, कथील लावून कापसाच्या बोळ्यानं पुसलं. कथील चिकटेना. दुसरा कोणी असता तर थांबला असता. रहेमानला वाटलं, आच कमी पडली. त्यानं भाता असा हाणला की तार लालबुंद झाली, आणि शेवटी कथलाचे चार गोळे तिला कसेबसे बिलगले. त्यानं स्वतःची पाठ थोपटली.

तार मेणासारखी मऊ पडली होती. दात रेटायचं दूरच, बोलताना ती जिभेवर येई. आठवड्यात तिच्यावर तांबूस डाग पडले. "अब्बा, कळकल्यावानी लागते," खैरुन म्हणाली.

पुढच्या महिन्यात डॉक्टरनं तार उलटसुलट करून पाहिली. "हे कोणी केलं?"

"मी नाही, साहेब. आमच्या गावात एक कल्हईवाला हाये, भल्लाच बेअक्कल."

"त्याला सांगा, या स्टीलवर स्वतःचंच पातळ कवच असतं, डोळ्यांना दिसत नाही. त्यानं ते जाळलं, आणि तारेचा ताणही घालवला."

"सांगतो, साहेब. पर थो कोणाचं आयकत नाही."

शेजारी खैरुन तोंडावर हात दाबून हसत होती. नवी तार मिळाली, पण तिनं ती बापाच्या हाती कधी लागू दिली नाही. दीड वर्षात दात रांगेत आला.

मथुराबाई पोट धरून हसली. पातेलं घेत म्हणाली, "मंग आता मोकळी हासत असन पोरगी?"

रहेमाननं भाता थांबवला. एवढी गोष्ट रंगवून सांगणारा माणूस, पण इथं दर वेळी त्याला वाईट वाटे.

"दात सरळ झाला, बाई. पर हासू आलं का हात जातेच तोंडावर. आता कितीबी सांगतलं तरी जातेच." त्यानं पुढचं भांडं आचेवर धरलं. "हजारो भांड्यायले कल्हई केली म्या. सालभरात उडून जाते. पोरीले केली, थेच तेवढी टिकली."