मामीनं ओढून नेलेली खोली

मामी दुकानात गेली की आधी आडवी व्हायची. गादी घ्यायची असो, सोफा असो की दिवाण, चपला काढून, पदर खोचून ती सरळ त्यावर झोपायची आणि डोळे मिटायची. नागपूरच्या महाल भागातल्या एका गादीवाल्याकडे ती इतका वेळ निपचित पडून राहिली, की त्यानं घाबरून नोकराला पाणी आणायला पाठवलं. मामी उठली, आलेलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "भाऊ, डाव्या कुशीवर बोचून राहिली. दुसरी दाखवा." तिच्याबरोबर खरेदीला जायला आम्ही भाचरं लाजायचो. तिला त्याचं काही वाटत नसे. "वापरणार मी, तं पाहीन बी मीच," एवढंच तिचं म्हणणं.

ती काटोलची. नागपुरात मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवायची. मामा पाटबंधारे खात्यात अभियंता होते. आयुष्यभर कालवे आणि तलाव यांच्या कामावर हिंडलेला माणूस; निवृत्तीनंतर थोड्याच काळात त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. दवाखान्यात जाऊन मशीनवर झोपायचं डायलिसिस त्यांना झेपेना, म्हणून डॉक्टरांनी घरी करायचं डायलिसिस सुचवलं. पोटात बसवलेल्या नळीतून जुनं पाणी बाहेर काढायचं आणि औषधी पाण्याची नवी पिशवी उंचावर टांगून ते पोटात सोडायचं. हे दिवसातून चार वेळा. त्या वेळी खोली बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. जरा धूळ गेली, जरा हात लागला, की पोटात जंतू जाऊन जिवावर बेतायचं. मामी ते सगळं शिकली. पिशवीला ती नुसतं 'बॅग' म्हणायची, आणि घरातला दिवस बॅगच्या वेळांवर चालायचा.

मामांचं बाहेर जाणं त्या दिवसापासून थांबलं. लोकांच्या घरी तशी खोली मिळणार नाही, लॉजचा भरवसा नाही. ते खिडकीपाशी बसून राहायचे आणि पेपर उघडा ठेवून तो वाचायचे नाहीत. एकदा अमरावतीच्या नातेवाइकांनी लग्नाला बोलावलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "मला न्यायचं म्हणजे आता खोलीसकट न्यावं लागेल." पलीकडचे हसले. मामाही थोडं हसले. मामी तेव्हा भाजी निवडत होती. तिनं काही दिवस जाऊ दिले आणि एका सकाळी चहा देताना म्हणाली, "अहो, खोली नेता येते म्हणे. गाडीच्या मागं जोडून."

मामीशी विनोद करताना हा धोका असायचा. ती बोललेलं खरं धरायची.

पुण्यात असलेल्या तिच्या मुलीनं तिला अशा ट्रेलरचे फोटो पाठवले. मी नागपुरातच असल्यानं तिच्याबरोबर हिंडायचं काम माझ्याकडे आलं. मामीची सगळी मोजमापं एका गोष्टीवरून ठरत होती. मामा पलंगावर टेकून बसले की बॅग त्यांच्या खांद्याच्या बरीच वर टांगता आली पाहिजे, आणि पाणी निघायची पिशवी पलंगाच्या खाली राहिली पाहिजे. त्यामुळे आम्हाला आवडलेले गोल पाठीचे, बुटके, देखणे ट्रेलर पहिल्याच फेरीत बाद झाले. मामी आत जाऊन झोपायची, उठून बसायची आणि हात वर करायची. हात छताला लागला की बाहेर यायची. कापडी तंबू वर उघडणारे ट्रेलरही तिनं नाकारले. विकणाऱ्यानं हवा खेळती राहते म्हणून सांगितलं. "हवाच नको आहे, भाऊ," ती म्हणाली.

शेवटी बुटीबोरीत एका छोट्या कारखान्यात तिला हवं तसं मिळालं. मालक तरुण होता, हौसेनं ट्रेलर बनवायचा. पत्र्याची उंच खोली, मोठी चाकं, प्रत्येक चाकाला वेगळी स्प्रिंग, पाण्याची टाकी, हात धुवायचं बेसिन. त्यानं साधा, डांबरी रस्त्यापुरता ट्रेलर स्वस्तात पडेल असं सुचवलं. मामी म्हणाली, "जिथं जायचं आहे तिथं डांबर नाही."

ते ठिकाण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. साकोलीच्या पुढे, जंगलाच्या कडेला, मामांनी नोकरीच्या सुरुवातीला बांधून घेतलेला एक लहान तलाव होता. बदली झाल्यावर ते पुन्हा तिकडे गेले नव्हते. जाऊ, जाऊ म्हणत निवृत्ती आली आणि मग आजार आला.

ट्रेलर ताब्यात घ्यायच्या दिवशी मामीनं घरून एक पांढरी चादर नेली. आतल्या पलंगावर ती ताणून अंथरली, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मालकाला म्हणाली, "आता हा कच्च्या रस्त्यानं फिरवून आणा." कारखान्यामागे मुरूम टाकलेला रस्ता होता, ट्रकांनी उखडलेला. ट्रेलर फिरून आला. मामीनं दार उघडून चादरीवर बोट फिरवलं आणि ते बोट मालकाला दाखवलं. तो आत गेला. दाराचं रबर बदललं, खिडकीच्या खाचा बुजवल्या, गॅसच्या नळीसाठी पाडलेल्या भोकातून धूळ येत होती, तेही त्यानं शोधून काढलं. हे एका दिवसात झालं नाही. चादर घरी धुऊन मामी दर वेळी परत यायची. मालक वैतागेल असं मला वाटत होतं, पण शेवटच्या वेळी चादर पांढरी निघाली तेव्हा मामीच्या आधी तोच आत शिरून बघत होता.

जीप ती आधीपासून चालवायची. मामांना दवाखान्यात न्यायला शिकली होती. पण मागे ट्रेलर जोडला की जीप वेगळी होते. शहराबाहेर बेसाच्या पलीकडे, प्लॉट पाडलेल्या एका रिकाम्या लेआउटमध्ये आम्ही रविवारी सकाळी सरावाला जायचो. पुढे जाणं सोपं. मागे घेताना ट्रेलर स्टिअरिंगच्या उलट वळतो आणि लक्ष चुकलं तर जीपला काटकोनात येऊन भिडतो. मी मागे उभा राहून डावीकडे, उजवीकडे ओरडायचो. मामीनं एकदा गाडी बंद केली, खाली उतरली आणि म्हणाली, "तू ओरडू नको गा. तुयं डावं अन् माह्यं डावं वेगळं पडून राहिलं." त्यानंतर मी गप्प उभा राहू लागलो आणि तिला जमू लागलं. पुरतं मात्र कधीच जमलं नाही. म्हणून तिनं नियम केला: वळायला जागा आहे की नाही हे पायी जाऊन पाहिल्याशिवाय कुठल्याही वाटेवर शिरायचं नाही. पुढच्या काळात मी तिला कितीतरी आडरस्त्यांवर, साडी वर खोचून, जीपच्या पुढे चालत जाताना पाहिलं. परत येऊन ती एवढंच सांगायची, "होते," किंवा "नाही होत."

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण एक सांगून. पोटातून निघालेलं पाणी गढूळ दिसलं तर त्याच क्षणी परत फिरायचं. नातेवाइकांनी आपापल्या परीनं तिला समजावलं. धाकटे मामा घरी येऊन म्हणाले, "वहिनी, दादाला काही झालं तर लोक तुम्हाला बोलतील." मामी म्हणाली, "घरी काही झालं तं नाही बोलणार का?" त्यावर ते चहा पिऊन गेले.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. मामी गाडी चालवत होती, शेजारी मामा, मागे मी. भंडाऱ्याकडे जाताना मोकळ्या रस्त्यावर ट्रेलर अचानक मागून डोलू लागला. जीपही त्याच्याबरोबर हेलकावे खाऊ लागली. मी म्हणालो, ब्रेक मार. मामीनं ब्रेक मारला नाही. एक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं आणि गाडी आपोआप हळू होऊ दिली. कडेला थांबल्यावर ती उतरून मागे पाहायला गेली. चूक तिचीच होती. बॅगांची जड खोकी तिनं ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला रचली होती. वजन चाकांवर आणि थोडं पुढे ठेवा, असं कारखानदारानं सांगितलेलं ती विसरली होती. आम्ही दोघांनी खोकी पुढे आणली. मामा जीपजवळ उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता परत चला म्हणतील. ते म्हणाले, "ते डावीकडचं अजून थोडं पुढे घ्या." आजारपणानंतर कशाबद्दल तरी त्यांनी दिलेली ती पहिली सूचना होती.

कालव्याच्या बांधावरून तलावाकडे जाणारी वाट मध्येच तुटली होती. मामी पुढे चालत गेली आणि येऊन म्हणाली, "ट्रेलर नाही होत. जीप होते." बॅगची वेळ झाली होती. तिनं ट्रेलर तिथल्याच एका सपाट जागेवर उभा केला, चाकांना दगड लावले, हात धुतले, मास्क बांधला आणि मामांना आत घेऊन दार लावलं. धान कापणारी माणसं बांधावर जमली. एक म्हातारा मला म्हणाला, "आत का करून राहिले जी?" मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि वाटेवर खेळणाऱ्या पोरांना, धूळ उडते म्हणून, तिथून हाकललं.

नंतर ट्रेलर तिथेच सोडून आम्ही जीपनं तलावावर गेलो. पाणी भरपूर होतं. पलीकडच्या काठावर पाणकावळे बसले होते. मामांना ओळखणारं तिथे कोणी भेटलं नाही. तलाव कोणी बांधला, हे त्या म्हाताऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तो पहिल्यापासून आहे असंच त्याला वाटत होतं. मामांना याचं वाईट वाटेल अशी मला भीती होती. ते सांडव्याच्या भिंतीवर हात ठेवून, खाली वाकून, बराच वेळ दगडांच्या सांध्यांकडे बघत राहिले.

"गळत नाही," ते म्हणाले.

"पाह्यलं ना मनभर?" मामीनं विचारलं. "चला. बॅगची वेळ होऊन राहिली."

त्यानंतर तीन हिवाळे ते दोघं हिंडले. कधी मी बरोबर असायचो, बहुतेकदा नसायचो. मामा गेले ते हृदयविकारानं, घरी, दुपारच्या जेवणानंतर. गढूळ पाणी एकदाही निघालं नव्हतं. मामी कोणासमोर रडली नाही. आलेल्यांना पाणी दिलं, उरलेली बॅगांची खोकी दवाखान्यात पोचवली, ट्रेलरवर ताडपत्री घातली. तो विकून टाक असं सगळ्यांनी सुचवलं. तिनं नाही म्हटलं नाही आणि विकलाही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. मेश्राम नावाचे एक मास्तर मामांसारखंच घरी डायलिसिस करायचे. मुलीचं लग्न ब्रह्मपुरीकडे, नवऱ्या मुलाच्या गावी होतं. मास्तर जाणार नाही म्हणत होते, आणि बाबा नाही तर लग्न नाही, असं मुलगी म्हणत होती. मामीनं सगळं ऐकून विचारलं, "रस्ता कसा आहे?"

ताडपत्री निघाली. मामीनं पांढरी चादर अंथरून ट्रेलर घराभोवतीच्या कच्च्या गल्लीतून फिरवून पाहिला. लग्नाच्या दिवशी मांडवामागे आंब्याच्या सावलीत तो उभा केला. बुद्धवंदना सुरू व्हायला थोडा अवकाश होता आणि मास्तरांची बॅगची वेळ झाली होती. मामीनं हात धुतले, मास्क बांधला आणि बॅग हुकाला लावायला ती त्यांच्या मागोमाग आत शिरली.

मास्तर नम्रपणे म्हणाले, "ताई, माझं मी करतो. सवय आहे."

मामी बाहेर आली आणि दार लावून घेतलं. मी सावलीत दोन खुर्च्या टाकल्या होत्या, त्यातल्या एकीवर ती बसली. धुतलेले हात तिनं मांडीपासून वर, काही लागू नये असे धरून ठेवले होते. मांडवात स्पीकरवर कोणीतरी पाहुण्यांना बसून घ्यायला सांगत होतं. मास्क काढायचा राहिला, असं मी तिला सांगणार होतो. मग तिच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं आणि मी खुर्ची थोडी दुसरीकडे वळवून बसलो.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. पांढरा सदरा घातलेले मास्तर पायरी उतरले, मुलगी धावत आली आणि त्यांचा हात धरून त्यांना मांडवात घेऊन गेली. मामीनं मास्क काढला, त्यानंच तोंड पुसलं आणि आत जाऊन चादरीच्या सुरकुत्या सरळ केल्या.

"नितीन," ती आतून म्हणाली, "जेवून घेऊ आपण. पुढच्या बॅगले अजून वेळ आहे."