सतरा एकांची संख्या

मधुमती बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली तेव्हा तिच्या वडिलांनी, उत्तमरावांनी, आदर्श नगरात घरोघर पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी तिच्या एम.एस्सी.वर पाणी सोडलं. विमा कंपनीतला हा अधिकारी सोलापूरहून जयपूरला बदलून आला, इथंच विधुर झाला आणि एका संख्येच्या नादी लागला. ओळीनं सतरा एक. हिला कशानंच भाग जात नाही, ही अविभाज्य आहे, हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

"तू विद्यापीठात गेलीस तर माझे भागाकार कोण करणार?" त्यांनी विचारलं. चेष्टेनं नव्हे.

हिला भाग गेलाच तर चौतीसनं भागल्यावर एक उरेल अशाच संख्येनं जाईल, एवढं गणित त्यांना येत होतं. म्हणून चौतीसच्या उड्या मारत बापलेक वर चढत राहिले. एक भाजक त्यांचा, पुढचा तिचा. तिचं उत्तर ते कधी तपासत नसत. मुलीच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास होता, मुलीची मात्र फिकीर नव्हती. शहरातल्याच झोटवाड्याच्या कारखान्यातल्या मराठी इंजिनियरचं स्थळ आलं, तेही त्यांनी "आधी संख्या संपू दे" म्हणून परतवलं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, कूलर घरघरत असताना, वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं भागल्यावर मधुमतीच्या हाताखाली शून्य आलं. तिनं पुन्हा भागलं. पुन्हा शून्य. समोर वडील, तिचे अप्पा, मान खाली घालून भागत होते. एक शब्द बोलली असती तर दोघंही सुटली असती. पण इंजिनियरला एव्हाना दोन मुलं झाली होती. सुटून जायचं कुठं? तिला मनस्वी संताप आला.

"बाकी उरली, अप्पा," ती म्हणाली, आणि अप्पांनी पुढची संख्या घेतली.

वर्षभरानं डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. ऑपरेशन लगेच करा, नाहीतर दृष्टी जाईल. नंतर काही महिने लिहिणं-वाचणं बंद. उत्तमरावांनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीचा सल्ला विचारला.

"आता सोडू नका," ती म्हणाली. "मतलब, एवढं केलेलं वाया जाईल."

त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सत्त्याऐंशीत त्यांचे दोन्ही डोळे गेले. मग तिनं सगळं सांगितलं. त्यांनी तो भागाकार तिला मोठ्यानं करायला लावला आणि आकडा न् आकडा ऐकला. शून्य आलं तेव्हा त्यांनी समोरची वही चाचपून मिटली. ते पाहून तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं?

"मग आता एकोणीस एकांची घेऊ," ते म्हणाले. "अडतीसच्या उड्या. मला दिसत नाही, मधू; आता सगळे भाजक तुझे. नाही म्हणालीस तर माझे डोळे कोणी घालवले ते मी कॉलनीभर सांगेन."

मधुमतीला ठाऊक होतं, ते सांगतील. अडतीसच्या उड्यांतली पहिली अविभाज्य संख्या एकशे एक्याण्णव; तिनं भागायला घेतलं. एकोणीस एकांच्या त्या संख्येला खरोखरच कशानं भाग जात नाही, हे तिला कोण सांगणार?