आत्याला न मानवलेली बेहोशी

माझी आत्या ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. मी तेव्हा आठ वर्षांची होते, ती चोवीस. पोटात एक गाठ होती. काढून टाकली की झालं, असं डॉक्टर म्हणाले होते. सकाळी ती बाबांबरोबर रिक्षात बसून स्वतःच्या पायांनी सरकारी दवाखान्यात गेली आणि दुपारी बाबा एकटे परत आले. त्यानंतर आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात तिच्याबद्दल एकच वाक्य बोललं जाई. कुणी विचारलं की आई सांगे, "तिला बेहोशी मानवली नाही." आणि बाबा उठून आत जात.

दुसरंही एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत होते. घरी येणारी प्रत्येक बाई माझी हनुवटी उचलून म्हणे, पोर थेट आत्यावर गेलीय. कपाळ तिचं, बोटं तिची. तिला दूध पचत नसे, मलाही पचत नाही. उन्हात गेलं की तिचं डोकं धरे, माझंही धरतं. या दोन वाक्यांची बेरीज माझ्या मनात कधी झाली ते सांगता येणार नाही. पण शाळा-कॉलेज संपून जामबागेतल्या मराठी शाळेत शिकवायला लागेपर्यंत ती पक्की झालेली होती. मला कधी बेहोश केलं तर मी उठणार नाही. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. बाळंतपणाच्या वेळी कळा सोसताना माझ्या डोक्यात एकच होतं, की डॉक्टरांनी पोट फाडतो म्हणू नये.

चौतिसाव्या वर्षी माझ्या पित्ताशयात खडे निघाले.

आमचं तेलुगू-उर्दू बोलणारं शहर तेव्हा भराभर बदलत होतं. माझा नवरा पुण्याचा, एका नव्या कॉम्प्युटर कंपनीतल्या नोकरीसाठी इथे आलेला. त्याच्या कंपनीचं एका नव्या खाजगी हॉस्पिटलशी काहीतरी ठरलेलं होतं. काचेची दारं, आत थंडगार हवा, छापून निघणारे रिपोर्ट. बाबा त्यालाही दवाखानाच म्हणायचे आणि नवऱ्याला त्याचं हसू यायचं. तिथल्या सर्जननी सांगितलं की आता पोट फाडावं लागत नाही, दुर्बिणीतून होतं, चार बारीक भोकं पाडायची आणि तिसऱ्या दिवशी घरी. नवरा खूश झाला. मी विचारलं, कंबरेत सुई देऊन, जागेपणी नाही का होणार? ते म्हणाले, नाही, यासाठी पूर्ण भूल लागते. भूल हा शब्द नवऱ्याच्या तोंडचा, आम्ही बेहोशी म्हणत असू. आमच्या घरात तो फक्त चुकीसाठी वापरत.

मी दोनदा तारीख पुढे ढकलली. पहिल्यांदा शाळेच्या परीक्षा सांगितल्या, दुसऱ्यांदा सासूबाईंची तब्येत. तळलेलं सोडलं, तूप सोडलं, उकडलेला दुधी आणि भात खाऊन राहिले. खडे विरघळवतात म्हणून कसलेसे काढे प्यायले. मग एकदा आईबरोबर वर्षाची चिंच आणायला बेगम बाजारात गेले होते, तिथे कळ आली. पाठीतून खांद्यापर्यंत गेली आणि मी एका दुकानाच्या पायरीवर बसले, मला उठवेचना. दुकानदारानं धण्याच्या पोत्याला टेकवून बसवलं. आई घाबरून वारा घालत होती. त्या आठवड्यात सर्जननी स्पष्ट सांगितलं की आता थांबलात तर पुढच्या वेळी घाईत करावं लागेल, आणि घाईतलं वाईट.

तारीख ठरली. त्या दिवसापासून मी आवरायला लागले. कपाटातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. माझी मुलगी सात वर्षांची होती. तिला मी स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवू लागले. तिचे केस दाट, हात छोटे, मागचा पेड सुटून जाई. ती म्हणायची, तूच घाल ना. मी म्हणायचे, परत कर. एका संध्याकाळी चार वेळा सोडायला लावली तेव्हा ती रडली. नवरा मधे पडला आणि म्हणाला, काय चाललंय तुझं? मी तिच्यावर आणखी चिडले. ते रडणं मला अजून छळतं.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायचं होतं. त्या पन्नाशीच्या तेलुगू बाई होत्या, आमच्याशी शहरातल्या हिंदीत बोलत. दात हलतोय का, दम लागतो का, कशाची अॅलर्जी, असं एकेक विचारून त्या लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का? मी म्हटलं, आत्याला. ती उठलीच नाही. नवऱ्यानं वळून माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि हे तो पहिल्यांदा ऐकत होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नेमकं काय झालं होतं, त्यांनी विचारलं. ताप चढला? अंग ताठलं? उलटी झाली? मला काहीच माहीत नव्हतं. मला फक्त ते वाक्य माहीत होतं.

"घरात कुणाला ठाऊक असेल तर विचारून या," त्या म्हणाल्या. "काही प्रकार घराण्यात असतात. मला ते आधी कळायला हवं."

मी उठता उठता विचारलं, तुम्ही खात्री देता का? त्या म्हणाल्या, खात्री मी कुणालाच देत नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही झोपलात की सर्जन तुमच्या पोटाकडे बघतात. मी तुमच्याकडे बघते. उठेपर्यंत मी तिथून हलत नाही."

बाबांना विचारायचं म्हणजे सव्वीस वर्षं बंद असलेलं दार वाजवायचं. मी रविवारी दुपारी गेले. आई शेजारी गेली होती. बाबा मागच्या व्हरांड्यात उर्दू पेपर वाचत बसले होते. नोकरीत लागलेली त्यांची ही सवय नोकरी संपली तरी टिकली होती. मी समोर बसले आणि डॉक्टरांनी जे विचारलं ते तसंच विचारलं. ताप आला होता का, अंग ताठलं होतं का.

बाबांनी पेपरची घडी केली, मग आणखी एक घडी केली. मला वाटलं, उठून आत जातील.

"तिला भूक लागली होती," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी लवकरचा नंबर होता, तो पुढे पुढे जात राहिला. आदल्या संध्याकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून ती म्हणाली, दादा, मला चक्कर येतेय. नर्सनं काही देऊ नका म्हणून बजावलं होतं, पण का नाही ते कुणी सांगितलं नव्हतं. बाबांना वाटलं, दवाखान्याचे असतात तसले नियम. समोरच्या हॉटेलातून त्यांनी चहा आणि दोन बिस्किटं आणली. तिनं ती भिजवून खाल्ली आणि तिला जरा बरं वाटलं. मग एकदम नंबर लागला. डॉक्टरांनी दारात विचारलं, पोट रिकामं आहे ना? आज परत पाठवलं तर पुढची तारीख कधी मिळेल, ही धास्ती बाबांच्या मनात होती.

"तिनं माझ्याकडे बघितलं," बाबा म्हणाले. "मी म्हणालो, जी, खाली पेट है."

बेहोशीत तिला उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली. डॉक्टरांनी बाहेर येऊन तसं सांगितलं. काही खाल्लं होतं का, असं पुन्हा विचारलं. बाबा पुन्हा नाही म्हणाले.

"तुझ्या आईला ठाऊक नाही. कुणालाच नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते, अंगणातल्या नळाकडे बघत होते. "तुझ्यात तसलं काही नाही, बेटा. तिच्यातही नव्हतं. तू फिकर करू नको."

खरं सांगायचं तर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं. आणि लगेच त्याची लाज वाटली, कारण ते उतरून कुठे गेलं ते माझ्यासमोर बसलं होतं. बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण हात उचलला नाही. का, ते मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. तेवढ्यात आई आली आणि आम्ही मुलीच्या शाळेबद्दल बोलू लागलो.

डॉक्टरांना मी फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, मग घराण्याचा प्रश्न नाही.

ऑपरेशनच्या दिवशी बाबा सकाळी सहालाच हॉस्पिटलात हजर होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कामावर जातानाचे बूट. खोलीत शिरताच त्यांनी माझ्या उशाशी असलेली पाण्याची बाटली उचलून बाहेर नेली. मग दाराशी खुर्ची ओढून बसले. नवरा म्हणाला, बाबा, तुम्ही काही खाऊन या. ते नको म्हणाले. नर्स आली, तिनं मला विचारलं, काही घेतलं का? मी तोंड उघडायच्या आत बाबांनी उत्तर दिलं, "कुछ नहीं लिये. मैं यहींच बैठा हूँ." दुसरी नर्स आली तेव्हाही तेच. ढकलगाडीवरून मला नेताना ते लिफ्टपर्यंत बरोबर चालत आले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

आत फार थंडी होती. वेणीचा प्रसंग मनात होता, आणि आत्यानंही असंच छत बघितलं असेल, हे. भीती गेली नव्हती. कारण कळलं की भीती जाते असं लोक म्हणतात. माझी फक्त बिननावाची झाली. दात वाजत होते. भूल देणाऱ्या बाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, कोणत्या वर्गाला शिकवता? मी म्हटलं, सातवीला. काय शिकवता, त्यांनी विचारलं. हाताच्या शिरेत काहीतरी गार चढलं. मला व्याकरण म्हणायचं होतं.

मग कुणीतरी मला लांबून हाका मारत होतं. घसा सोललेला, पोटात ओढ, तोंडाला कोरड. आपण आहोत, हे कळलं. आनंद झाला नाही. मी रडू लागले, आणि नर्सला वाटलं दुखतंय, तिनं सलाइनमध्ये आणखी काही सोडलं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे इतकं साधं होतं. तिनंही असंच उठायचं होतं.

खोलीत आणलं तेव्हा दाराजवळची खुर्ची रिकामी होती. नवरा म्हणाला, तू शुद्धीवर आलीस असं सांगायला डॉक्टर आले, ते ऐकलं आणि बाबा उठून गेले. आत येऊन बघतो म्हणालेच नाहीत.

टाके काढायला गेले तेव्हा मी भूल देणाऱ्या बाईंना गाठून विचारलं, एक कप चहानं माणूस मरतं का? त्या म्हणाल्या, मरू शकतं, आणि उपाशी असलेलंही कधी मरतं. त्या काळी लक्ष ठेवायला यंत्रंही नव्हती. आता कुणालाच सांगता येणार नाही. मी ते तसंच बाबांकडे नेलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "बाई भल्या आहेत."

त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. त्याआधी बाबा दर गुरुवारी आमच्याकडे येत, मुलीला पाढे विचारत. ते येणं कमी झालं. आले तरी माझ्याशी एकटं बसायचं टाळत. मला वाचवण्यासाठी त्यांनी मला ते सांगितलं, आणि सांगितल्यावर माझ्यासमोर बसणं त्यांना जड झालं.

दोन-तीन वर्षांनी त्यांना हर्निया निघाला. साधं ऑपरेशन होतं, नवऱ्यानं सगळी चौकशी करून ठेवली. बाबा नाही म्हणाले. कंबरेला चामड्याचा पट्टा बांधून ते हिंडत, जिना चढताना कठड्याला धरून उभे राहत. आई माझ्या मागे लागली, तुझं ऐकतील, तू सांग. नवरा म्हणाला, हा अडाणीपणा आहे. मी एकदाच गेले. बाबा म्हणाले, मला नको, आणि त्या दुपारसारखे अंगणातल्या नळाकडे बघू लागले. आईला मी सांगितलं, ते तयार नाहीत. आई म्हणाली, तू नीट समजावलंच नसशील.

खरंच नव्हतं समजावलं.