सेनापतीचा चोरटा श्वास

अग्निया प्रोखोरोव्हना तीस वर्षं लेनिनग्राडच्या ऑपेरात प्रॉम्प्टर होती. रंगमंचातल्या खोक्यात बसून ती ओळी पुरवायची आणि वर टाळ्या पडल्या की खाली थर्मासमधला चहा प्यायची. तिचा नवरा साव्वेली तिथेच म्हाताऱ्या सेनापतीची भूमिका गायचा.

त्या ऑपेराचा सिनेमा करायचं ठरलं तेव्हा आवाज साव्वेलीचा घेतला आणि चेहरा ग्लेब नावाच्या देखण्या नटाचा. ध्वनिमुद्रणानंतर महिन्याभरात साव्वेलीचा घसा कायमचा बसला. त्याच्या आवाजाची ती फीतच काय ती उरली. ती वाजवायचं काम माझं.

"मी जिवंत असेतो हे दार उघडणार नाही" ही लांबलचक ओळ साव्वेली एका दमात गातो, अशी त्याची ख्याती. कसला एका दमात! शेवटची सहा वर्षं मधला श्वास कुठे चोरायचा ते अग्निया खोक्यातून बोट वर करून दाखवायची. सगळ्या वादकांना हे ठाऊक होतं. नवराबायकोत मात्र त्याबद्दल चकार शब्द नाही.

किल्ल्याच्या दारापुढे बर्फात चित्रीकरण सुरू झालं. फितीवर मधला श्वास ऐकू यायचा आणि तिच्याबरोबर गायचं सोंग करणाऱ्या ग्लेबच्या तोंडची वाफ अखंड चालू. सोंग उघडं पडत होतं. आठ वेळा तेच झालं.

दिग्दर्शक वैतागला. "उजेड जायच्या आत जमलं नाही, तर दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊ."

सकाळपासून येरझारा घालणारी अग्निया ग्लेबवर धावली. "अरे ठोंब्या, कान गहाण ठेवलेस का? श्वास घे तिथे!"

"पण साव्वेली येगोरिचच म्हणाले, एका दमात गा!"

"त्यांना विचारायला कोणी सांगितलं होतं? माझ्याकडे बघ."

आणि ही साठीची बाई कॅमेऱ्याखाली बर्फात पालथी पडली. मी फीत लावली. ओळ आली, तिने बोट वर केलं, ग्लेब थांबला, वाफ तुटली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? तिला मात्र पंधरा दिवस खोकला पुरला.

सिनेमा लागला तेव्हा मी दोघांच्या मागेच बसलो होतो. ओळ जवळ येताच अग्नियाचं बोट आपोआप वर गेलं.

साव्वेली बसक्या आवाजात फणकारला, "बघितलंस? गाढवाने मध्येच श्वास घेतला! मी तिथे उभ्या जन्मात घेतला नाही."

"नाहीच मुळी," अग्निया बोट खाली घेत म्हणाली. "किती सांगितलं मेल्याला. ऐकेल तर शपथ."