मेंढरांच्या रानात आमचा तंबू

वैशाखात बारामतीहून इंदापूरला सायकलनं जायचं ठरवलं, तेव्हा पुण्यातल्या आत्येसासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "डोकं ठिकाणावर आहे ना दोघांचं?" प्रश्न रास्त होता. शहाणी माणसं या दिवसांत महाबळेश्वर गाठतात. आम्ही मात्र दोन सायकली, एक लहानसा तंबू, स्टोव्ह आणि कांद्यांची पिशवी घेऊन निघालो होतो.

पण आमच्या वेडेपणाला कारण होतं. माझा जन्म नैरोबीचा. वडील तिथे रेल्वेत. माझं लग्नही तिथेच झालं, पुण्याहून शिकवायला आलेल्या एका मास्तरांशी. मी त्यांना घरीही मास्तरच म्हणते. यंदा रजेवर इकडे आलो आणि त्यांना इंदापूरच्या एका शाळेतून बोलावणं आलं. इंदापूर हे त्यांचं आजोळ, तेव्हा जीव कुठे अडकला होता ते सांगायला नकोच. तरी मला म्हणाले, "तू हो म्हणालीस तरच. आणि भर उन्हाळ्यात मुलूख बघून घे, मग बोल. पुढे मला दोष नको."

खरं सांगायचं तर नकार मी मनात घडी घालून ठेवला होता. उन्हाची भीती नव्हती. बोट मुंबईला लागल्यापासून जो तो मला खुर्ची देत होता. कुठे ताट उचलू दिलं नाही, कुठे पाण्याचा तांब्या भरू दिला नाही. मी मराठी बोलले की बायका कौतुकानं एकमेकींकडे बघत. माझ्यासाठी हाच परदेश होता, आणि इथे जन्मभर पाहुणी म्हणून राहायची माझी तयारी नव्हती.

दौंडहून बारामतीला छोटी गाडी जाते. सायकली गार्डच्या डब्यात टाकता येतात, हमालाशी घासाघीस मात्र करावी लागते. रात्र धर्मशाळेत काढून आम्ही झुंजूमुंजू होताच निघालो. तुम्ही जाणार असाल तर हे एवढं पाळाच, कारण आठनंतर ऊन डोक्यावर बसतं ते उतरत नाही. मोठा रस्ता खडीचा आणि फुफाट्याचा आहे. आम्ही जमेल तिथे कालव्याच्या भरावावरची वाट धरली. आधी कालव्याचं पाणी सांभाळणाऱ्या पाटकऱ्याला विचारावं, म्हणजे तो अडवत नाही. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि उसापलीकडे, जिथे पाणी चढत नाही तिथे, एकदम करडं उघडं माळरान. हिरव्याची हद्द इतकी सरळ की कुणी फूटपट्टीनं आखली असावी. मी दर मैलाला थांबून काहीतरी विचारत होते आणि मास्तर दर मैलाला घड्याळ बघत होते.

लासुर्ण्याला पोचलो तेव्हा ऊन नुसतं मी म्हणत होतं. एका घराच्या ओसरीवर म्हाताऱ्या बाईंनी बसवलं, गाडग्यातलं ताक दिलं, वर मीठ आणि जिऱ्याची पूड. असं ताक मी आयुष्यात प्यायले नव्हते. गावातल्या बायका गोळा झाल्या.

"अफ्रिकेत सिंव्ह हायती म्हनं?"

"आहेत. पण गावात येत नाहीत."

"आन भाकरी कशाची खात्यात तितली मानसं?"

"मक्याचं पीठ शिजवतात, घट्ट."

"म्हंजी आपल्यासारकीच की!" एकीनं निकाल दिला. मी पेला विसळायला उठले तर म्हातारीनं तो हातातून ओढून घेतला. "न्हाय बया, पावनी हाय तुमी." मी गुमान बसले.

उन्हं कलेपर्यंत तिथेच आंब्याखाली पडून राहिलो. पुढे अंथुर्ण्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. सराट्याचे काटे. या रस्त्याला ठिगळाचं सामान दुप्पट घ्या. आमचं पंक्चर काढायला निम्मं गाव जमलं. मला झाडाखाली बसवून चारजणांनी माझी सायकल उलटी केली, तीही कॅरिअरवरची पिशवी न सोडता, त्यामुळे कांदे रस्ताभर पांगले.

गाव मागे टाकून तासाभरानं मुक्कामाची जागा शोधू लागलो. कालवा आणि ऊस यांच्या मधे एक नांगरलेलं, ढेकळं फोडून साफ केलेलं रान दिसलं. कडेला लिंब. आणि गंमत म्हणजे रानाभोवती लाकडी मेखा ठोकून तयार! मास्तर खूश. "बघ, कुणीतरी आपली सोय करून गेलंय." आयत्या बिळावर नागोबा होऊन आम्ही दोन मेखांना तंबूचे दोर बांधले. तंबू पांढरा, वारा भरपूर, तो शिडासारखा फडफडू लागला. मी स्टोव्ह पेटवायच्या तयारीत होते.

तेवढ्यात मावळतीकडून धुळीचा लोट उठला आणि त्यातून मेंढरं निघाली. पुढे एक शिंगाळ एडका, मागे आडवी काठी धरलेला धनगर. कालव्यावरून एक बाई घोडी ओढत धावत आली, घोडीवर जाळ्यांची भेंडोळी. आणि बांधावरून धोतर सावरत एक म्हातारा शेतकरी ओरडत येत होता, "कुनी बांधलं ह्ये? कुनी बांधलं?"

मेखा वाघरीच्या होत्या. वाघर म्हणजे मेंढरांना रात्री कोंडायची जाळी. पावसाआधी शेतकरी धनगराला दाणे आणि जेवण देऊन कळप एक रात्र आपल्या रानात बसवतात, लेंड्यांनी आणि मुतानं जमिनीत कस येतो. धनगरीण ठकूबाई पुढे येऊन मेखा ठोकून गेली होती आणि घोडीला पाणी पाजायला कालव्यावर थांबली होती. आम्ही तंबू उभारला होता तो नेमका कळप आत यायच्या तोंडावर.

एडक्यानं तो फडफडणारा पांढरा प्रकार बघितला आणि जागच्या जागी पाय रोवले. मागची मेंढरं त्याच्यावर आदळली, मग सगळा कळप उसाकडे वळला.

"उसात शिरली तर संपलं!" म्हातारा कळवळून ओरडला. त्याला सगळे सखारामतात्या म्हणतात हे नंतर कळलं. "आजचीच रात माजी हाय! उद्या मेंढरांचा वाडा फुडं जातुया!"

मास्तर दोर सोडायला धावले आणि तंबूतच गुंडाळले गेले. मला वाटलं, आवाजानं मेंढरं उसाकडून मागे फिरतील. मी सायकलवर टांग टाकली आणि जोरजोरात घंटी वाजवत उसाच्या बाजूला निघाले. मेंढरं दुप्पट बिथरली.

"ए भवाने!" ठकूबाईचा आवाज कडाडला. "ती घंटी थांबीव आदी! टाक ती गाडी! हितं हुबी ऱ्हा, हात पसरून. हललीस तर बघ!"

मी सायकल टाकली आणि उसाच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिले. हलले नाही. कळप अगदी माझ्यासमोर येऊन थबकला, लोकरीचा उग्र वास, ऊन ऊन श्वास, शेकडो पिवळे डोळे. ठकूबाई तोंडानं कसलासा खालच्या पट्टीतला आवाज काढत पलीकडून आली. तोवर मास्तरांनी तंबू एकदाचा जमिनीवर आणला होता. एडका वळला. त्याच्यामागे सगळी वळली आणि पाटाचं पाणी चारीत शिरावं तशी रानात शिरली.

"धर ह्ये," म्हणून ठकूबाईनं जाळीचं टोक माझ्या हातात कोंबलं. "तान. आनि तान. जेवली न्हाईस काय?" मी ताणलं. तळहात सोलून निघाले.

मेंढरं बसली तेव्हा तात्यांनी सुस्कारा सोडला आणि मास्तरांकडून आमची सगळी कहाणी काढून घेतली. ती ऐकून ठकूबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बया! अफ्रिकेच्या बाईसाब व्हय तुमी? काय बाय बोलले मी! बसा, घोंगडं टाकते."

मला रडूच आलं. मी म्हणाले, "ठकूबाई, घोंगडं नको. मघाशी बोललात तसंच बोला."

 ती हसली, पदर खोचला आणि म्हणाली, "मंग बसलीस काय? घागर घे, दिस बुडायच्या आत पानी आन."

मी कालव्यावरून दोन खेपा केल्या, निम्मं पाणी अंगावर सांडत. तात्यांच्या घरून भाकरी, कांदा आणि डाळीचं झणझणीत कोरड्यास आलं. तंबू आम्ही जाळीबाहेर लिंबाखाली लावला. जेवताना माझं ताट मीच विसळलं, कुणी अडवलं नाही.

सकाळी वाडा, म्हणजे मेंढरं आणि धनगरांचं बिऱ्हाड, पुढे हलला होता. रानभर लेंड्या पसरल्या होत्या आणि तात्या त्यांवरून अनवाणी फिरत होते. "लई ब्येस बसली," असं ते आम्हाला तीनदा म्हणाले.

निमगाव केतकीला पानमळे आहेत, ते चुकवू नका. वेलींच्या आत गेलं की वैशाख बाहेर राहतो. तिथल्या गारव्यात मास्तरांनी विचारलं, "मग? हेडमास्तरांना काय सांगू?"

"हो सांगा," मी म्हणाले. त्यांना ते इतकं अनपेक्षित होतं की तोंडातलं पान गिळून बसले.

हे मी नैरोबीला, आईच्या घरी बसून लिहिते आहे. सामान आवरायला आलो आहोत. अंगाची लाही आता आठवतही नाही, तळहातावरचे वण तेवढे आहेत. आईनं सगळं ऐकून घेतलं. ती कोकणातून लग्न होऊन इथे आली, त्यानंतर पुन्हा गेली नाही. तिला माझं जाणं मुळीच पसंत नव्हतं.

"तिथं तुझं आहे कोण?" तिनं विचारलं.

"कुणी नाही गं. पण एकीनं मला 'ए भवाने' म्हणून हाक मारली."

 आई उठून माझ्या ट्रंकेत लोणच्याची बरणी बसते का बघू लागली.

"मग जा तू," ती पाठमोरीच म्हणाली. "माझ्यावर इथं इतक्या वर्षांत तसं कुणी ओरडलं नाही."