साडूंच्या पायातले जांभळे बूट

पुण्यातल्या बूटवाल्यांना रक्तदाब असेल, तर त्यात माझ्या थोरल्या साडूंचा वाटा मोठा आहे. हा गृहस्थ मुळातच दोन मिनिटं एका जागी बसत नाही. त्यात बूट घ्यायचे म्हटलं की जिवाची नुसती घालमेल. खरेदी संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. खिशात मोजे आणि वर्तमानपत्रावर आखून कापलेला पायाचा आकार. बूट वाकवून बघायचा, टाच दाबायची, अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे का ते चाचपायचं, मग आत हात घालून डोळे मिटून शिवण शोधत राहायचं. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानदाराने शांतपणे विचारलं होतं, "काका, बूट विकत घेताय की दत्तक?" साडू म्हणाले, "आधी बघू द्या, मग ठरवतो." मी बूट रंग बघून घेतो, हा माझा गुन्हा त्यांनी आजवर माफ केलेला नाही. "टाचेला चावतोय ना तुमचा? चालण्यावरून दिसतंय," हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात.

पण तो कागदाचा पाय त्यांचा नव्हे, त्यांच्या बायकोचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा. तिला जुना मधुमेह आहे आणि पावलांना काही म्हणजे काही कळत नाही. मागे एका बुटाने अंगठा सोलला, ते तिला समजलं मोजा रक्ताने भिजल्यावर. पुन्हा जखम झाली तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि ही बाई कुठलाही बूट पायात घातला की म्हणते, "छान बसलाय. चला." साडू हवालदिल झाले. एक दिवस त्यांनी त्या कागदावर स्वतःचं पाऊल ठेवून पाहिलं, तर माप तंतोतंत एक. कॅम्पातले जुने दुकानदार इक्बालभाई भला माणूस. ते म्हणाले, "साहेब, घरात सतरंजीवर घालून बघा. नाही बसले आणि तळ मळला नसेल, तर परत आणा." तेव्हापासून हडपसरच्या दोन खोल्यांत साडू बायकोचे नवे बूट घालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत असतात.

गेल्या रविवारी गेलो, तेव्हा वर लेंगा-बनियन आणि पायात जांभळे लेडीज बूट. दार उघडंच होतं. शेजारचे निवृत्त मास्तर डोकावून म्हणाले, "शोभतात हो. आता जुळणारी पर्स बघा." साडूंचं लक्ष नव्हतं. ते चक्क खाली बसले, बूट काढला आणि करंगळीवरचा फोड मला दाखवला. "परत. हे पण परत."

आतून मेहुणी म्हणाली, "अहो, मला तर छान बसले होते."

साडू हळूच मला म्हणाले, "बघा, हा तिला आला असता तर कळलाही नसता." आणि लगेच उठून, लंगडत, बूट खोक्यात भरायला लागले. मला त्या माणसाची फार माया वाटली.

परतताना स्टॉपपर्यंत माझा बूट पावलागणिक टाचेला चावत होता. एरवी मी त्याला शिव्या घालतो. त्या दिवशी नाही घातल्या. दुखतंय हे कळत होतं, एवढंच मला पुष्कळ वाटलं.